कबनूरची विहीर आणि जमिनीखालचें वाहतें पाणी

पंचगंगा या नांवांत नद्या पांच आहेत. डोळ्यांना दिसतात त्या चारच. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या चौघी सह्याद्रीच्या कुशींतून निघतात आणि एकमेकींना मिळत मिळत कोल्हापूरजवळ प्रयागसंगमाशीं एक होतात. पांचवी सरस्वती. ती गुप्त आहे, जमिनीखालून वाहते, अशी परंपरेची समजूत. लहानपणीं आजीच्या तोंडून हें ऐकलेली पिढी पुढें शाळेंत भूगोल शिकली आणि तिनें गुप्त सरस्वतीला हंसून निरोप दिला. आम्हांस मात्र ती कल्पना दिसते तितकी भाबडी वाटत नाहीं. तिचा उगम नकाशावर दाखवितां येणार नाहीं हें खरें. पण पंचगंगेच्या खोऱ्यांतल्या शेतांखालून पाणी सरकत असतें, तें उतार धरून नदीकडे जातें, आणि पावसाळा संपून महिने लोटले तरी नदी हलते ती कांहीं अंशीं याच पाण्याच्या जोरावर, ही गोष्ट शास्त्राला पूर्णपणें मान्य आहे.

हें गुप्त पाणी काय काय उलाढाली करतें तें आम्हीं कबनूर येथें जवळून पाहिलें. एका घरगुती विहिरीपासून सुरू झालेला तो विचार अरबी समुद्राच्या तळाखालच्या तेलापर्यंत कसा जाऊन पोंचला, तें वाचकांस सांगावयाचें आहे.

कबनूर हें हातकणंगले तालुक्यांतलें गांव. इचलकरंजीच्या पश्चिमेस तें इतकें लागून आहे कीं, इचलकरंजी कोठें संपली आणि कबनूर कोठें लागलें हें परक्या माणसास सांगतां येणार नाहीं. गांवचा माणूस मात्र बरोबर बोट दाखवितो. इचलकरंजींत १९०४ सालीं विठ्ठलराव दातार यांनीं पहिला यंत्रमाग बसविला. जहागीरदार नारायणराव घोरपडे यांचा उद्योगधंद्यांना आश्रय होता, त्यामुळें एकाचे दहा आणि दहाचे हजार माग झाले, आणि त्यांचा खडखडाट शहराची वेस ओलांडून कबनुरांत शिरला. येथें ओटीवर बसून बोलतांना पाहुण्याला पहिल्या दिवशीं ओरडावें लागतें. दुसऱ्या दिवशीं तो आवाज कानाआड होतो, आणि तिसऱ्या रात्रीं वीज गेली म्हणजे शांततेनेंच दचकून जाग येते. मागांच्या शेडांमधून मध्येंच उसाचा फड डोकावतो, एखादें जुनें चौसोपी घर दिसतें, आणि घरामागें विहीर असते.

आम्ही उतरलों होतों तें घरहि असेंच. तीन भावांचें एकत्र कुटुंब; सणावारीं पंगतीला अठरा-वीस पानें सहज मांडलीं जातात. थोरल्या भावांना सारें घर अण्णा म्हणतें. आमचें त्यांच्याशीं नातें लांबचें, सोयऱ्यांच्या बाजूचें. पण आदरातिथ्यांत तें लांबपण कोठें जाणवलें नाहीं. जाणवला तो घरांतला एक अबोला. त्याचें कारण दुसऱ्या दिवशीं कळलें, आणि तें विहिरींत होतें.

मळ्याकडच्या विहिरींत गेल्या कांहीं वर्षांपासून पाण्यावर तवंग येत असे. चैत्र-वैशाखांत पाणी खालीं गेलें म्हणजे तो अधिक दाट दिसे. ऊन पडलें कीं त्यावर मोरपिसासारखे रंग उमटत. कोणी एक फिरता जाणकार येऊन पाणी हुंगून गेला आणि खालीं खनिज तेल आहे असें छातीठोकपणें सांगून गेला. मळ्याचा एक तुकडा विकावा, त्या पैशांत खोल बोअर मारावी, असा त्याचा सल्ला. मधल्या भावाचा मुलगा इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, त्याच्या मनानें ही गोष्ट घेतली. अण्णांचें म्हणणें, वडिलार्जित जमीन विकून जमिनींत पैसे ओतणें हा व्यवहार नव्हे. वहिनींना, म्हणजे अण्णांच्या पत्नींना, तेलाचें सोयरसुतक नव्हतें; ज्या विहिरीच्या पाण्यानें घरांतल्या देवांना तीन पिढ्या स्नान घातलें, तिचें पाणी ताम्हनांत घेववत नाहीं, एवढेंच त्यांचें दुःख.

आम्ही विहिरीवर गेलों. या भागांतली विहीर आंतून पाहिली म्हणजे जमिनीचें पोट फाडून ठेवल्यासारखें दिसतें. वर हात-दोन हात काळी माती, खालीं मुरूम, मग बारीक छिद्रांचा आणि पांढऱ्या खड्यांनीं भरलेला मऊ खडक. विहीर खणणारे त्याला मांजऱ्या म्हणतात. त्याखालीं काळा पाषाण, ज्यावर पहार आपटली तर घंटेसारखी वाजते. कोठें कोठें दोन पाषाणांमध्यें वीत-दीड वीत जाडीचा तांबडा गेरूसारखा थर असतो. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं जमिनीच्या भेगांतून लाव्हारस येथें पुन:पुन्हा पसरला. प्रत्येक थराचा वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनीं सच्छिद्र राहिला, आंतला भाग घट्ट झाला, आणि पुढचा रस येईपर्यंत मध्यें जो काळ गेला त्यांत वरची राख व खडक कुजून त्यांची तांबडी माती झाली. पाणी राहतें तें मुरमांत, मांजऱ्यांत आणि पाषाणाच्या सांध्यांत. घट्ट पाषाणांत तें शिरत नाहीं. म्हणूनच एका शेतांत विहिरीला भरपूर पाणी आणि बांधापलीकडे कोरडा खड्डा, असा प्रकार होतो व पाणाड्याचें फावतें.

तवंग दोन प्रकारचे असतात. पाण्यांत लोह असलें म्हणजे कांहीं सूक्ष्म जंतूंमुळें त्यावर अगदीं तेलासारखी रंगीत साय धरते, आणि पुष्कळ ठिकाणीं तेलाच्या वदंता उठतात त्या या सायीमुळेंच. परीक्षा सोपी आहे. काठीनें साय मोडावी. लोहाची असेल तर काचेसारखे तुकडे होऊन तसेच तरंगतात, तेलाची असेल तर फाटलेली जागा पुन्हा मिळून येते. आम्हीं पुतण्याच्या हातीं काठी दिली. तवंग फाटला, फिरला आणि मिळून आला. पुतण्याचा चेहरा उजळला. तेल होतें, आतां प्रश्न एवढाच राहिला कीं तें आलें कोठून.

या विहिरीपासून दीडशें पावलांवर, चढाच्या अंगाला, एक जुनें एंजिनघर आहे. विजेची सोय होण्यापूर्वीं तेथें तेलावर चालणारें एंजिन होतें, आणि त्याची तेलाची टाकी जमिनींत पुरलेली होती. एंजिन भंगारांत गेलें, टाकीची आठवण कोणाला राहिली नाहीं. आम्हीं टाकीचा विषय काढतांच पुतण्यानें चांगला आक्षेप घेतला. एंजिनघराच्या पलीकडे, केवळ चाळीस पावलांवर, घरची दुसरी लहान विहीर आहे. तेल टाकींतून गळत असेल तर तें जवळच्या विहिरींत आधीं जावयास हवें. त्या विहिरीचें पाणी तर आरशासारखें स्वच्छ!

आक्षेपाचें उत्तर त्यानेंच मिळवावें म्हणून आम्हीं एक उद्योग सुचविला. गवंडी लोक पातळी पाहण्यासाठीं पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरतात. ती आणून दोन्ही विहिरींच्या व शेजाऱ्याच्या तिसऱ्या एका विहिरीच्या कांठांवर एकाच पातळीच्या खुणा केल्या, आणि प्रत्येक खुणेपासून खालच्या पाण्यापर्यंत दोरी सोडून मोजलें. तीन विहिरी अशासाठीं कीं, उतार कोणीकडे आहे हें दोन बिंदूंवरून कळत नाहीं, तीन लागतात. सकाळभराच्या या खटाटोपानंतर कळलें कीं लहान विहिरींतलें पाणी मळ्याच्या विहिरीपेक्षां चांगलें दोन हात उंच आहे, आणि पाण्याचा उतार लहान विहिरीकडून एंजिनघराखालून मळ्याकडे, म्हणजे एकंदरीनें नदीच्या दिशेस आहे. तेल पाण्यावर तरंगतें खरें; पण ज्यावर तें तरंगतें तें पाणीच सरकत असेल तर तेलहि त्याच्याबरोबर जातें. जवळची विहीर वरच्या अंगाला, म्हणून ती वांचली; लांबची खालच्या अंगाला, म्हणून तिच्यांत तेल सांचलें.

जमिनीखालच्या पाण्याच्या या चालीचा नियम १८५६ सालीं आन्री दार्सी या फ्रेंच इंजिनियरनें प्रसिद्ध केला. दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचें काम त्यानें केलें होतें. वाळू भरलेल्या उभ्या नळांतून पाणी सोडून त्यानें पाहिलें कीं, दोन टोकांच्या पातळ्यांतलें अंतर जितकें अधिक आणि वाळूचा थर जितका आंखूड, तितकें पाणी जलद जातें. खडक कसाहि असो, हिशेब याच नियमानें चालतो. वेग मात्र भलताच कमी. वर्षांत कांहीं हात, कोठें कांहीं शें हात. आपण ज्याला स्थिर पाणी समजतों तें प्रत्यक्षांत मुंगीलाहि लाजवील अशा गतीनें चाललेलें असतें.

खनिज तेल शोधणाऱ्यांनाहि हें ध्यानांत यावयास बराच काळ लागला. त्यांचा जुना नियम घुमटाचा. जमिनीखालच्या थरांना कोठें वरच्या बाजूस बांक आला असेल आणि त्यावर चिकणमातीच्या घट्ट थराचें झांकण असेल, तर पाण्यापेक्षां हलकें तेल त्या बांकाखालीं जाऊन अडकतें, आणि त्याहून हलका वायू अगदीं माथ्यावर बसतो. अमेरिकेंत आय. सी. व्हाइट यांनीं १८८५ सालीं या नियमाचा जोरानें पुरस्कार केला. आमच्या घरांत देवापुढील दिव्यांत खालीं पाणी व वर तेल घालण्याची पद्धत होती. तेंच हें चित्र. पाणी स्थिर, तेलाचा तळ सपाट, सगळें कसें जागच्या जागीं.

पण कांहीं घुमट पोकळ निघाले, आणि कांहीं ठिकाणीं तेल घुमटाच्या माथ्यावर न सांपडतां उतारावर एका अंगाला सांपडलें. १९०९ सालीं मन् या भूशास्त्रज्ञानें लिहिलें कीं तेल हलतें व सांचतें तें वाहत्या पाण्याच्या रेट्यानें. १९२१ सालीं जॉन रिच यानेंहि तोच पक्ष घेतला. दोघांचेंहि म्हणणें त्या वेळीं फारसें कोणाच्या गळीं उतरलें नाहीं. तें गणितानें पटवून दिलें एम. किंग हबर्ट यानें, १९५३ सालीं. भूजलाच्या गतीवर त्याचा मोठा निबंध १९४० सालींच आला होता. त्याच विचाराला त्यानें तेल आणि वायू जोडले.

हें गणित अवघड नाहीं. निरांजनाची ज्योत घ्या. वारा नसेल तर ती सरळ वर जाते. आडवा वारा आला कीं कलते, आणि ज्योत जितकी मंद तितकी जास्त कलते. भूगर्भांत तेलाच्या थेंबाला पाणी वर लोटीत असतें, आणि पाण्याचा प्रवाह आडवा ओढीत असतो. तेल पाण्यापेक्षां थोडेंच हलकें, म्हणून त्याचा वर जाण्याचा जोर मंद आणि कलणें अधिक. वायू फारच हलका, त्याचा जोर मोठा, त्याला प्रवाह फारसा हलवूं शकत नाहीं. हबर्टच्या सूत्रांत आंकडे घातले म्हणजे असें दिसतें: पाण्याच्या दाबाची पातळी दर किलोमीटरला १ मीटर उतरत असेल, आणि तेलाची घनता पाण्याच्या ०.८ असेल, तर तेलाचा तळ सपाट न राहतां किलोमीटरला ५ मीटर कलतो. तेल जड, ०.९ घनतेचें असेल, तर १० मीटर कलतो. खोलवर दाबलेल्या वायूची घनता ०.२ धरली तर त्याचा तळ जेमतेम सव्वा मीटर कलतो. आतां एखाद्या घुमटाची उतरण किलोमीटरला ३ मीटर एवढीच सौम्य असेल, तर काय होईल तें वाचकांनींच पाहावें. वायू माथ्यावर बसून राहील. तेल प्रवाहाच्या दिशेनें कांठावरून ओसंडून निघून जाईल आणि पुढें दुसरी जागा शोधील. एकाच थरांत एका घुमटांत नुसता वायू आणि पुढच्या, अधिक तीव्र उताराच्या घुमटांत तेल, असा प्रकार या कारणानें होऊं शकतो. उलट, ज्या ठिकाणीं घुमटच नाहीं, थराला नुसता थोडासा बांक आहे, तेथेंहि वरून खालीं येणारें पाणी चढूं पाहणाऱ्या तेलाला थोपवून धरतें, आणि दार नसलेल्या खोलींत तेल कोंडलेलें सांपडतें. अमेरिकेच्या वायोमिंग प्रांतांतील फ्रॅनी येथील क्षेत्रांत तेलाचा तळ असा कललेला आहे. हबर्टनें त्याचा दाखला दिला होता.

पाण्याचे उद्योग एवढ्यावरच थांबत नाहींत. डोंगरावर मुरलेलें पावसाचें ताजें पाणी खोल तेलापर्यंत पोंचलें तर आपल्याबरोबर जंतु नेतें. ते तेलांतला पातळ, मौल्यवान भाग खातात आणि मागें डांबरासारखा चोथा ठेवतात. पाण्यांत विरघळणारीं द्रव्यें तर तें नुसतें धुऊनच नेतें. म्हणजे वाहतें पाणी तेलाचा वाटाड्या आहे, राखणदार आहे आणि प्रसंगीं चोरहि आहे. तथापि नव्या कल्पनेचा मोह आवरावा हें बरें. जगांतल्या पुष्कळशा क्षेत्रांत पाणी इतकें मंद आहे कीं व्हाइटचा जुना घुमट तेथें अजूनहि पुरतो.

आपल्याकडचें सर्वांत मोठें उदाहरण मुंबईच्या पश्चिमेस सुमारें १६० किलोमीटरवर समुद्रांत आहे. ‘सागर सम्राट’ या समुद्री वेधन-मंचानें १९७४ च्या फेब्रुवारींत तेथें तेल शोधलें, आणि मे १९७६ पासून उत्पादन सुरू झालें. त्या वेळीं त्या क्षेत्राचें नांव बॉम्बे हाय. आतां आपण मुंबई हाय म्हणतों. वसईच्या नांवाचें वायूचें मोठें क्षेत्रहि १९७६ सालचेंच. उरणच्या किनाऱ्यावर नळानें येणाऱ्या या तेल-वायूशीं मुंबई-पुण्याच्या कित्येक स्वयंपाकघरांचा रोजचा संबंध आहे. सिलिंडर बदलतांना कोणाच्या तो ध्यानांत येत नाहीं एवढेंच. या क्षेत्राचा मुख्य सांठा चुनखडकांत आहे. तो खडक समुद्रांत तयार झाला. मधून मधून समुद्र मागें हटला तेव्हां उघडा पडला आणि पावसाच्या गोड्या पाण्यानें त्याला पोखरून बारीक पोकळ्या पाडल्या. पुढें भोंवतालच्या खोलगट भागांतल्या काळ्या चिकण थरांत तयार झालेलें तेल वर सरकत त्या पोकळ्यांत येऊन राहिलें. तेलाला घर बांधून दिलें तें पाण्यानें. आणि आज त्याच घरांतून तेल बाहेर काढण्यासाठीं माणसें समुद्राचें पाणी खालीं दाबून भरतात!

रात्रीं जेवणें झाल्यावर ओटीवर हें सारें निघालें. पुतण्यानें विचारलें, “मग आपल्या पाषाणाखालीं तसा चुनखडक नसेलच कशावरून?” प्रश्न योग्य होता. काळा पाषाण आणि तेल यांचें हाडवैर आहे असें नाहीं. बडोद्याजवळ पादरा येथें याच दख्खनच्या पाषाणाच्या भेगांतून तेल मिळालें आहे. पण तेथें तेल तयार करणारे चिकण थर पाषाणाला लागूनच आहेत. पाषाणानें नुसता आसरा दिला. आपल्या बाजूस पाषाणाखालीं काय आहे याचा सर्वांत चांगला पुरावा कोयनेचा. डिसेंबर १९६७ च्या भूकंपामुळें पुढें त्या भागाचा कसून अभ्यास झाला, आणि तेथें घेतलेल्या एका खोल छिद्रांत सुमारें ९३३ मीटर पाषाण लागून त्याखालीं एकदम ग्रॅनाइट लागला. मध्यें गाळाचा थरच नाहीं. कोल्हापूरच्या दक्षिणेस, गोकाकच्या बाजूला, पाषाणाखालून जे वालुकाश्म वर डोकावतात ते अतिप्राचीन आणि फार कठीण. तेल शिजण्यास लागणारा जीवजन्य गाळ, सांठविणारा सच्छिद्र खडक आणि वरचें झांकण, या तिहींपैकीं कबनुरास आम्हांस दिसलें तें एकटें वाहतें पाणी. तेवढ्यावर मळा विकूं नये, असें आम्हीं स्पष्ट सांगितलें.

अण्णा कांहीं बोलले नाहींत. वहिनी आंतून म्हणाल्या, “भाऊजी, मग पाण्याचं काय?”

जमिनींत मुरलेलें तेल एका उपशानें निघत नाहीं. टाकी आधीं उकरून काढावयास हवी, भोंवतालची तेलकट माती हलवावयास हवी, आणि मळ्याच्या विहिरीवरचें तेल नेमानें निपटून दूर नेऊन टाकावयास हवें. ओढ्यांत नव्हे, कारण ओढा शेवटीं पंचगंगेला आणि पंचगंगा नरसोबाच्या वाडीस कृष्णेला मिळते. पुतण्यानें दुसऱ्याच दिवशीं एंजिनघरांत खणती लावली. टाकी निघाली तेव्हां तिचा तळ चाळणीसारखा झालेला होता.

आम्हीं निघतांना आणखी एक गोष्ट बजावली. देवाच्या पाण्यासाठीं लहान विहीर वापरावी, पण तिच्यावर मोटर कदापि बसवूं नये. मोटरीनें भराभर उपसा केला तर त्या विहिरींतलें पाणी खालीं जाईल, पाण्याचा उतार उलटा फिरेल, आणि एंजिनघराखालीं राहिलेलें तेल चाळीस पावलें चालून तिच्यांत येईल. सध्यां तिच्यावर रहाट आहे. रोज सकाळीं दोन कळशा पाणी निघतें, आणि तें कोणी आणावयाचें याची पाळी घरांतल्या मुलांनीं आपसांत वांटून घेतली आहे.